न दिसलेल्या प्राण्यांची मोजदाद

वैशाख सरत आला की या सदराकडे वन्यप्राण्यांच्या संख्येविषयीची पत्रे येऊ लागतात. पाणवठ्यांवरच्या नोंदी नुकत्याच झालेल्या असतात, वर्तमानपत्रांतून आकडे येत असतात आणि त्या आकड्यांवर विश्वास ठेवावा की नाही, असा प्रश्न अनेकांच्या मनात असतो. या वेळी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : बुद्धपौर्णिमेच्या रात्री मी ताडोबाजवळील एका मचाणावर बसलो होतो. पहाटेपर्यंत ३१ चितळ, ९ रानडुकरे, ४ अस्वले, २ गवे आणि एक बिबट्या अशी नोंद केली. सर्व पाणवठ्यांवरच्या अशा नोंदींची बेरीज केली म्हणजे जंगलातील प्राण्यांची संख्या मिळते का? मिळत नसेल तर हे जागरण कशासाठी? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : नाही, मिळत नाही. आपण रात्रभर जागून केलेल्या नोंदींचे मोल मला कमी करायचे नाही. परंतु त्या बेरजेतून हाती येते ते एका रात्रीत, ठरावीक पाणवठ्यांवर झालेल्या दर्शनांचे मोजमाप. त्या रात्री पाण्यावर न आलेले चितळ त्यात नाहीत, ढगाआड चंद्र असताना येऊन गेलेले नाहीत, आणि संध्याकाळी एका पाणवठ्यावर व पहाटे दुसऱ्या पाणवठ्यावर आलेले अस्वल मात्र त्यात दोनदा आहे. चिंकाऱ्यासारखे काही प्राणी पाण्यावाचून बराच काळ राहू शकतात. त्यांची नोंद पाणवठ्यावर फार थोडी होते, म्हणून ते जंगलात थोडे आहेत असे म्हणता येत नाही.

येथे एक हिशेब मनात पक्का करून घ्यावा, कारण पुढची सर्व उत्तरे त्यावरच उभी आहेत. मोजणीत आलेला आकडा म्हणजे प्राण्यांची खरी संख्या गुणिले त्यांची नोंद होण्याची शक्यता. समजा, एखाद्या जंगलात १,००० चितळ आहेत आणि एका रात्रीत पाणवठ्यावर नोंदले जाण्याची त्यांची शक्यता २० टक्के आहे, तर आपल्या वहीत साधारण २०० चितळ येतील. पुढच्या वर्षी पौर्णिमेच्या आठ दिवस आधी अवकाळी पाऊस झाला, ओढ्यांत आणि खळग्यांत पाणी साचले आणि ही शक्यता १० टक्क्यांवर आली, तर वहीत १०० चितळ येतील. चितळ तेवढेच आहेत. निम्मे झाले ते आपले पाणवठ्यावरचे गिऱ्हाईक. तरीही दुसऱ्या दिवशी ‘चितळांची संख्या निम्म्यावर’ असा मथळा वाचायला मिळतो आणि तो वाचून खरोखर काळजी करणारी माणसे असतात, याचे मला वाईट वाटते. नोंद होण्याची शक्यता किती होती हे ज्या मोजणीतून काढता येत नाही, तिच्यावरून संख्या सांगता येत नाही आणि दोन वर्षांची तुलनाही करता येत नाही.

मग जागरण कशासाठी, तर वन विभागच आता या रात्रीला ‘निसर्गानुभव’ म्हणतो, आणि ते नाव योग्य आहे. शिवाय एखादी प्रजाती त्या भागात आहे एवढी खात्रीची नोंदही उपयोगाची असते. वाघाटीसारखे छोटे मांजर किंवा चौशिंगा एखाद्या पाणवठ्यावर दिसला, तर ती एक ओळ शंभर चितळांच्या बेरजेपेक्षा मोलाची ठरू शकते.

प्रश्न : आमच्या प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमात ‘पकडणे, खूण करणे आणि पुन्हा पकडणे’ ही पद्धत आहे. सूत्र मला पाठ आहे, परंतु थोडेसे मासे पकडून तळ्यातले सगळे मासे कसे कळतात, हे मनाला पटत नाही. (एक विद्यार्थिनी, रत्नागिरी)

उत्तर : पटत नाही हे आपण प्रामाणिकपणे लिहिले, याचा आनंद वाटला. सूत्र बाजूला ठेवा आणि तळे डोळ्यांपुढे आणा. पहिल्या दिवशी आपण १२० मासे पकडले, प्रत्येकाच्या परावर बारीक खूण केली आणि त्यांना पाण्यात सोडले. काही दिवसांनी पुन्हा जाळे टाकले तेव्हा १५० मासे मिळाले आणि त्यांपैकी ३० माशांवर खूण होती. दुसऱ्या जाळ्यातील मासे हा तळ्याचा प्रामाणिक नमुना असेल, तर त्यात खुणेच्या माशांचे जे प्रमाण आहे, म्हणजे पाचांत एक, तेच प्रमाण तळ्यातही असले पाहिजे. तळ्यात खुणेचे मासे किती आहेत हे आपल्याला ठाऊक आहे, कारण खूण आपणच केली: १२०. तेव्हा १२० हा पाचवा हिस्सा असेल, तर एकूण मासे ६००. दुसऱ्या जाळ्याने आपल्याला मासे मोजून दिले नाहीत; आपल्या जाळ्यात मासा सापडण्याची शक्यता किती, ते सांगितले.

हा विचार जुना आहे. फ्रान्समध्ये लाप्लास या गणितज्ञाने अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि १८०२ मध्ये, जन्मांच्या नोंदींचे लोकसंख्येशी असलेले प्रमाण निवडक भागांत काढून त्यावरून संपूर्ण देशाची लोकसंख्या अंदाजली होती. डेन्मार्कच्या पीटरसनने १८९६ मध्ये खुणा केलेल्या चपट्या माशांवरचे आपले काम प्रसिद्ध केले, आणि लिंकनने १९३० मध्ये पायात कडी घातलेल्या बदकांवरून उत्तर अमेरिकेतील बदकांची संख्या अंदाजली. पाठ्यपुस्तकात या सूत्राला या दोघांचे नाव असते.

आता ६०० हा आकडा कितपत भरवशाचा, हे पाहू. लहान नमुन्यासाठी चॅपमन या संख्याशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये सुचवलेली दुरुस्ती वापरली, तर वरच्या उदाहरणात अंदाज सुमारे ५८८ येतो आणि ९५ टक्के विश्वासाची मर्यादा, म्हणजे खरी संख्या जिच्या आत असण्याचा ९५ टक्के भरवसा धरतात ती कक्षा, साधारण ४३० ते ७४५ अशी पडते. दुसऱ्या वेळी १५० ऐवजी फक्त ३० मासे मिळाले असते आणि त्यांत ६ खुणेचे असते, तर प्रमाण तेच, पाचांत एक; परंतु मर्यादा साधारण २२० पासून ८५० पर्यंत पसरली असती. एवढ्या रुंद मर्यादेचा आकडा हातात घेऊन मासेमारीचा निर्णय घेणे धोक्याचे आहे. पुन्हा सापडलेल्या खुणांची संख्या वाढली की अंदाज आवळत जातो, ही गोष्ट परीक्षेत विचारली जात नसली तरी प्रत्यक्ष कामात सर्वांत आधी लागते.

आणि ‘प्रामाणिक नमुना’ या दोन शब्दांत सगळी अडचण साठलेली आहे. दोन जाळ्यांच्या मधल्या काळात तळ्यात मासे बाहेरून येता कामा नयेत व बाहेर जाता कामा नयेत. खूण पुसली जाता कामा नये. खुणेचे मासे इतरांत नीट मिसळले पाहिजेत. आणि एकदा जाळ्यात सापडलेला मासा दुसऱ्यांदा सापडण्याची शक्यता बदलता कामा नये. एकदा पकडलेले मासे जाळ्याला बिचकू लागले, तर खुणेचे मासे कमी सापडतात आणि आपला अंदाज खऱ्यापेक्षा मोठा येतो. उलट, पिंजऱ्यातल्या आमिषाला चटावलेले उंदीर पुन्हापुन्हा तेच सापडतात आणि अंदाज खऱ्यापेक्षा लहान येतो. खूण माणसानेच करावी लागते असेही नाही. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातील हत्तींच्या अंदाजात लिदीच्या नमुन्यांतील डीएनए हीच खूण होती. त्यावरून ४,०६५ हत्ती वेगवेगळे ओळखले गेले आणि देशातील संख्येचा सरासरी अंदाज २२,४४६ असा निघाला. पूर्वीच्या हत्तीगणना वेगळ्या पद्धतीने झाल्या होत्या, त्यामुळे त्यांच्या आकड्यांतून हा आकडा वजा करून हत्ती घटले वा वाढले असे म्हणता येत नाही.

घरी एका बरणीत चवळी घेऊन हा प्रयोग जरूर करा. खुणेचे दाणे एकदा नीट मिसळून आणि एकदा मुद्दाम वरच्या थरातच ठेवून दोन्ही अंदाज काढा, आणि शेवटी सगळे दाणे मोजा. सूत्राविषयीची आपली शंका त्याने जाईल, आणि सूत्र कुठे फसते हेही हाताला कळेल.

प्रश्न : एप्रिल २०२३ मध्ये देशात ३,१६७ वाघ असल्याचे जाहीर झाले आणि जुलैमध्ये तोच आकडा ३,६८२ सांगितला गेला. तीन महिन्यांत ५१५ वाघ कसे वाढले? आणि वाघ खरोखर मोजलेले असतील, तर आकड्यासोबत ‘अमुक ते तमुक’ असे का छापतात? मला तरी यात संशय येतो. (एक निवृत्त शिक्षक, अमरावती)

उत्तर : वाघ वाढले नाहीत, दोन आकडे दोन निरनिराळ्या गोष्टींचे होते. व्याघ्र प्रकल्पाला ५० वर्षे झाली त्या निमित्ताने एप्रिलमध्ये म्हैसूर येथे जाहीर झालेला ३,१६७ हा किमान आकडा होता आणि तो कॅमेरे लावलेल्या क्षेत्रापुरता होता. जुलैमध्ये, जागतिक व्याघ्रदिनी, कॅमेरे न लावलेल्या पण वाघांचे अस्तित्व असलेल्या क्षेत्राचाही अंदाज त्यात मिळवला गेला. तेव्हा सरासरी ३,६८२ आणि कमाल ३,९२५ असे सांगण्यात आले. एप्रिलमध्येच हा फरक ठळकपणे सांगितला गेला असता, तर आपल्यासारख्या जाणत्या वाचकाला संशय घ्यावा लागला नसता.

परंतु ‘अमुक ते तमुक’ हे संशयाचे कारण नाही, उलट ते विश्वासाचे कारण आहे, आणि यासाठी थोडे मागे जावे लागेल. ओडिशाचे वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी १९६० च्या दशकात पाऊलखुणांवरून वाघ मोजण्याची पद्धत बसवली. वनरक्षक वाघाच्या पंजाचा ठसा काचेवर ट्रेस करत किंवा प्लास्टरमध्ये घेत, आणि त्या ठशांवरून हा वाघ वेगळा, तो वेगळा असे ठरवले जाई. १९७२ च्या देशव्यापी गणनेत १,८२७ वाघ नोंदले गेले; व्याघ्र प्रकल्प पुढच्याच वर्षी सुरू झाला. त्या आकड्याला मर्यादा नव्हत्या. १,८२७ म्हणजे १,८२७, एकही कमी नाही वा अधिक नाही. जंगलातील प्रत्येक वाघाचा ठसा सापडतोच आणि प्रत्येक ठशावरून वाघ ओळखता येतोच, असे त्यात गृहीत होते. प्रत्यक्षात एकाच वाघाचा ठसा ओल्या चिखलात वेगळा उमटतो आणि फुफाट्यात वेगळा, आणि खडकाळ वाटेवर तो उमटतच नाही. राजस्थानातील सरिस्का येथे कागदोपत्री वाघ होते. २००५ च्या सुरुवातीला तेथे एकही वाघ उरलेला नाही हे उघड झाले. शिकाऱ्यांनी वाघ मारले हे खरे, परंतु ते संपत असताना आकड्यांनी आपल्याला सावध केले नाही, हे त्याहून लागणारे सत्य आहे. पाऊलखुणांच्या पद्धतीवर उल्लास कारंथ आणि इतर शास्त्रज्ञ आधीपासून टीका करत होते. कारंथ यांनी कर्नाटकातील नागरहोळे येथे कॅमेऱ्यांच्या साहाय्याने वाघांचा अंदाज काढून तो १९९५ मध्ये प्रसिद्धही केला होता.

त्या पद्धतीचे तत्त्व वरच्या उत्तरातील तळ्याचेच आहे. वाघाच्या अंगावरचे पट्टे ही त्याची जन्माची खूण. दोन्ही कुशींवरचे पट्टे सारखे नसतात, म्हणून वाटेच्या दोन बाजूंना समोरासमोर दोन कॅमेरे लावतात. पहिल्यांदा छायाचित्र आले म्हणजे वाघ ‘पकडला’, पुन्हा आले म्हणजे ‘पुन्हा पकडला’. कोणता वाघ किती वेळा आणि कुठे कुठे आला, यावरून कॅमेऱ्यासमोर येण्याची शक्यता काढतात आणि तिच्या आधारे एकदाही न आलेल्या वाघांचा अंदाज बांधतात. २०१८ च्या अंदाजात २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते आणि सुमारे ३ कोटी ४९ लाख छायाचित्रे मिळाली. त्यांतील ७६,६५१ वाघांची होती. या छायाचित्रांतून एक वर्षावरील २,४६१ वाघ वेगवेगळे ओळखले गेले. देशाचा अंदाज होता २,९६७. म्हणजे ८३ टक्के वाघांचे छायाचित्र प्रत्यक्ष आहे आणि उरलेले १७ टक्के गणिताने दिलेले आहेत. ‘२,६०३ ते ३,३४६’ ही मर्यादा, न दिसलेल्यांविषयी आपल्याला किती खात्री आहे आणि किती नाही, ते सांगते. तीच मर्यादा १९७२ मध्ये नव्हती.

या पद्धतीवरही आक्षेप आहेत आणि ते आपल्यापासून लपवणे योग्य होणार नाही. कॅमेरे जिथे नाहीत तिथे पाऊलखुणा, विष्ठा, भक्ष्याची घनता आणि जंगलाची प्रत यांवरून वाघांची संख्या ठरवतात. अशा चिन्हांचे आणि खऱ्या संख्येचे नाते सर्वत्र सारखे राहते का, असा प्रश्न गोपालस्वामी, कारंथ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये शोधनिबंधातून उपस्थित केला आणि त्यावर शास्त्रज्ञांत बरीच चर्चा झाली. माझे मत असे की, कॅमेऱ्यांखालील क्षेत्र वाढत गेल्याने हा आक्षेप पूर्वीइतका तीव्र राहिलेला नाही, परंतु तो संपलेलाही नाही.

तुलना करताना मात्र आपण स्वतः काळजी घ्यावी. २००६ मध्ये १,४११ वाघ आणि २०१० मध्ये १,७०६, असे दोन आकडे शेजारी ठेवले जातात. पण २००६ च्या आकड्यात सुंदरबन नव्हते आणि २०१० मध्ये तेथील ७० वाघ धरले होते, तेव्हा १,४११ शी तुलना १,६३६ ची करायला हवी. २०१४ चा अंदाज १,९४५ ते २,४९१ या मर्यादेत होता. २०१८ ची मर्यादा त्याच्या पूर्ण वर आहे, म्हणून अंदाज वाढला हे ठामपणे म्हणता येते. २०१८ आणि २०२२ (म्हणजे २०२३ मध्ये जाहीर झालेला अंदाज) यांच्या मर्यादा मात्र एकमेकींवर काही अंशी येतात. महाराष्ट्राचा अंदाज ३१२ वरून ४४४ वर गेला आणि देशाचाही वाढला, तेव्हा वाघ वाढले असण्याचाच संभव अधिक आहे; पण ‘नेमके ७१५ वाघ वाढले’ या वाक्याला आधार नाही.

प्रश्न : मी वनरक्षक आहे. ट्रान्सेक्टवर, म्हणजे मोजणीसाठी आखलेल्या सरळ रेषेवर, चालताना प्रत्येक कळपाचे अंतर आणि कोन लिहायला सांगतात. प्राणी मोजला, लिहिला, एवढे पुरेसे नाही का? सकाळच्या थंडीत अंतर मोजायचे यंत्र काढेपर्यंत चितळ पळून जातात. (मेळघाट)

उत्तर : आपल्यासारख्यांच्या पायांवर ही सगळी शास्त्रे उभी आहेत, म्हणून आपल्या प्रश्नाचे उत्तर नीट द्यायला हवे. ठरावीक सरळ रेषेवर चालताना रेषेवरचा प्राणी बहुधा सुटत नाही, वीस मीटरवरचा क्वचित सुटतो, शंभर मीटरवरचा बहुतेक वेळा सुटतो. अंतराप्रमाणे नोंदी कशा विरळ होत जातात हे कळले की, रेषेच्या दोन्ही बाजूंना आपण प्रत्यक्षात किती रुंद पट्टा पाहिला, ते काढता येते. समजा, एकूण ६० किलोमीटर चालून ४५ कळप दिसले आणि हा पट्टा प्रत्येक बाजूला ५० मीटर निघाला, तर आपण ६ चौरस किलोमीटर जंगल पाहिले. म्हणजे दर चौरस किलोमीटरला साडेसात कळप, आणि सरासरी कळप सहाचा असेल तर ४५ प्राणी. अंतर लिहिले नसते तर ४५ कळप किती जंगलातले, हे कोणालाच सांगता आले नसते. मेळघाटातला साग उन्हाळ्यात निष्पर्ण होतो तेव्हा चितळ दुरून दिसतात आणि पावसाळ्यानंतर हाताशी असून दिसत नाहीत. तरी दोन ऋतूंची तुलना करता येते ती या अंतरांमुळेच.

कोनाचे कारण असे की हिशेबात आपल्यापासूनचे अंतर नव्हे, तर रेषेपासूनचे काटकोनातले अंतर लागते. चितळ ८० मीटरवर आणि रेषेशी ३० अंशांच्या कोनात असेल, तर ते रेषेपासून ४० मीटरवर असते. पळून गेलेल्या कळपाविषयी एकच सांगतो: तो पहिल्यांदा जिथे दिसला ते झाड किंवा दगड लक्षात ठेवावा आणि यंत्र त्या झाडावर धरावे, कळप नंतर जिथे थांबला तिथे नव्हे. आणि नजरेने पन्नास, शंभर असे गोल आकडे कधीही लिहू नयेत. ट्रान्सेक्टऐवजी सोयीच्या गाडीवाटेने चालणे हाही त्यातलाच दोष आहे. वाटेलगतचे गवत आणि वाटेवरची वर्दळ यांमुळे तेथील प्राणी जंगलाचा नमुना राहत नाहीत.

प्रश्न : महाराष्ट्रात १,९८५ बिबटे आहेत असे वाचले. आमच्या जुन्नर तालुक्यात उसात रोज कुणाला ना कुणाला बिबट्या दिसतो. रात्री शेताला पाणी द्यायला जायची भीती वाटते. हे बिबटे त्या आकड्यात आहेत का? (एक शेतकरी)

उत्तर : बहुतांश नाहीत, आणि आपला प्रश्न अगदी रास्त आहे. २०२२ च्या पाहणीतील हा अंदाज मुख्यतः वाघांचा वावर असलेल्या वनक्षेत्रांत लावलेल्या कॅमेऱ्यांवरून काढलेला आहे. ऊसपट्ट्यातील बिबट्यांचा नमुनाच त्यात घेतलेला नाही, त्यामुळे १,९८५ या आकड्यावरून जुन्नरविषयी काही बोलणे चुकीचे होईल. ज्या क्षेत्रातून नमुना घेतला, त्याच क्षेत्राविषयी अंदाज बोलतो.

शेतीच्या मुलखात अशी पाहणी होऊ शकते, हे आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यात दिसले आहे. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी तेथे शेतांच्या आणि वस्त्यांच्या मध्ये कॅमेरे लावून अंगावरच्या ठिपक्यांवरून बिबटे ओळखले, आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दर १०० चौरस किलोमीटरला ४.८ प्रौढ बिबटे अशी घनता आली. तिची प्रमाण त्रुटी, म्हणजे अंदाजातील संभाव्य चढउताराचे माप, १.२ होती. जवळ मोठे जंगल नसलेल्या भागात इतकी घनता निघावी, ही मोठी गोष्ट होती. तरीही त्या आकड्याने आपल्या तालुक्याचे क्षेत्रफळ गुणू नये. ऊस, पाणी, कुत्री आणि डुकरे यांचे प्रमाण गावागावांत बदलते आणि त्यासोबत बिबटेही.

‘रोज दिसतो’ यावरून दोन्ही बाजूंनी चूक होऊ शकते. पाच वस्त्यांवर पाच रात्री दिसलेली एकच मादी असू शकते. आणि कुणालाही न दिसता एका शिवारात तीन बिबटे राहत असू शकतात. आपल्या भीतीला आकड्याने उत्तर मिळत नाही हे मला कळते. परंतु पिंजरे किती लावायचे, कुठे लावायचे आणि पकडून हलवल्याने काही फरक पडला का, हे ठरवायला त्याच भागातला मर्यादांसह काढलेला अंदाज लागतो. तो काढण्यासाठी आपल्या बांधावर कॅमेरा लावू द्यावा असे वन विभागाने किंवा अभ्यासकांनी विचारले, तर जरूर लावू द्यावा. दरम्यान आपण वही ठेवत असाल, तर बिबट्या दिसला त्या रात्रींबरोबरच, पाणी द्यायला गेलात आणि तो दिसला नाही त्या रात्रीही तारखेसह लिहून ठेवा; न दिसलेल्या रात्री माहीत असल्याशिवाय दिसलेल्या रात्रींचा अर्थ लावता येत नाही, आणि त्या रात्री आपल्याखेरीज कोणीही नोंदवलेल्या नसतात.